चौथ्या मजल्यावरची कंपनी

"दिले पैसे! घ्या नवी भट्टी," एमेट श्वेंक गाडीतच म्हणाला.

लोर्नाने घाईघाईने त्याला अडवलं. "इथे नाही, मिस्टर श्वेंक! अजून पेनसिल्व्हेनियातच आहोत आपण. राज्याची हद्द ओलांडून डेलावेअरमध्ये शिरेपर्यंत भट्टीचं नाव काढू नका."

"म्हणजे माझ्याच पैशाबद्दल माझ्याच गाडीत बोलायची चोरी?"

"हो. जिथे ठरवाल, तिथला कर."

म्हाताऱ्याने गाल फुगवले. पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमधला त्याचा प्रेट्झेलचा, म्हणजे पीळ दिलेल्या खारट बिस्किटांचा, कारखाना सगळ्यांना ठाऊक. पण कारखान्याची सगळी शिल्लक डेलावेअरमधल्या एका उपकंपनीच्या नावावर होती, हे फार थोड्यांना. तिथे असल्या कंपनीच्या व्याजावर राज्याचा कर नाही. अट एकच, त्या पैशाचे निर्णय तिथेच बसून घ्यायचे. हिशेब सांभाळणारी लोर्ना फेगली ही अट देवाज्ञेसारखी पाळायची. आज तर तिचा जीव टांगणीला लागला होता. जुनी भट्टी मोडकळीला आलेली; नवी आली नाही तर कारखान्याला टाळं, आणि तिचा भाऊ डेल तिथेच कामाला.

डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला चौथ्या मजल्यावर एक खोली. टेबल, चार खुर्च्या, कपाट. आजवर बैठकीला एमेटचा मुलगा यायचा. त्याने कारभारातून अंग काढून घेतलं, म्हणून म्हातारा पहिल्यांदाच आला होता.

"हीच आपली कंपनी? काम कोण करतं इथे?"

"एक बाई येतात अधूनमधून."

"आणि ही कंपनी कमावते किती?"

"गेल्या वर्षी कारखान्यापेक्षा जास्त," लोर्ना अभिमानाने म्हणाली.

एमेट थक्क झाला. चर्चमध्ये काढावी तशी त्याने टोपी काढली आणि टेबलावरून हळूच हात फिरवला.

"जन्मभर पहाटे उठून पीठ मळलं मी, पोरी. हात भाजून घेतले. आणि इथे ना धूर, ना घाम! केवढं अजब आहे गं हे!"

लोर्नाच्याही अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती इथे येत होती, पण खोली अशी कधी तिला दिसलीच नव्हती. म्हातारा खूश आहे, आता काम फत्ते, असं वाटून निर्णय लिहून घ्यायला तिने पेन उघडलं.

"आता डेलावेअरमध्ये आहोत ना आपण?"

"हो, आता बोला. इथे बोललेलंच खरं."

"मग या पैशाला हात लावायचा नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "भट्टी नको. कारखाना विकू, आणि ते पैसेही इथेच आणून ठेवू. लिही."

लोर्नाचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. पण इथे बोललेलंच खरं, हे तिचेच शब्द; डेलची नोकरी जाणार हे ठाऊक असूनही तिने वर तारीख घातली.