प्रेताचा ओव्हरटाइम

जयसिंगने फळ्यावरचा पहिल्या नंबरचा कागद ओढून काढला, त्याची चौकोनी घडी घातली आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

हॉलमध्ये हशा पिकला. पुनावळ्याच्या त्या अकरा मजली सोसायटीत जमलेल्या साठेक पोरापोरींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असणार. ज्याच्या सिनेमातली हडळ कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा अडवून बसते, तो माणूस व्यासपीठावर येऊन सरळ थोडाच वागणार? टाळ्या पडल्या. एकाने शिट्टीसुद्धा मारली.

"हसू नका," जयसिंग म्हणाला. "हा नंबर चुकलाय."

यावर ते आणखीच हसले.

जयसिंग सत्तरीचा. परभणीकडून तरुणपणी पोटासाठी आला आणि पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून राबला. या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. बाकीचे कामगार त्या दिवशी मटण आणायचे, जेवून आडवे व्हायचे. जयसिंग मात्र लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचा कॅमेरा मागून आणायचा आणि भुताखेतांचे सिनेमे काढायचा. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय. बारा वर्षांत त्याने आठ सिनेमे काढले. नट सगळे शिफ्टवाले, त्यामुळे एकीला दुसरी पाळी लागली की उरलेल्या सिनेमात तिची बहीण नायिका. एका नायकाचं मध्येच लग्न ठरलं आणि त्याने मिशी उडवली, तर गाणं मिशीसकट सुरू होऊन मिशीवाचून संपलं. पिंपरी कॅम्पातला केबलवाला हे सिनेमे गुरुवारी दुपारी लावायचा. लोक हसतात म्हणून बायको, कस्तुरा, चिडायची. जयसिंग म्हणायचा, हसतील त्यांचे दात दिसतील.

आता पंचवीस वर्षांनी पुन्हा दात दिसायला लागले होते. जुन्या कॅसेटींमधले तुकडे कुणीतरी मोबाईलवर फिरवले आणि आयटीतल्या पोरांना त्यांचं वेड लागलं. स्वरूपा नावाच्या मुलीने चाहत्यांचं मंडळच काढलं, आठही सिनेमे शोधून गोळा केले, तीनशे लोकांची मतं मागवली आणि आज आठव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत निकाल जाहीर करायचा घाट घातला. पहिला येईल तो सिनेमा लगेच पडद्यावर दाखवायचा होता. त्यासाठी जयसिंगने मूळ कॅसेटी घरून आणल्या होत्या.

निकाल त्याने शांतपणे ऐकला होता. 'नागिणीचा पीएफ' आठवा, ठीक. त्यात नागीण म्हणून जो पाइप वापरला होता त्यावरचं कंपनीचं नाव वाचता येतं. 'चेटकिणीची बदली' चौथा, तेही बरोबर. 'हडळ आली पहिल्या पाळीला' पहिला येईल असं त्याला वाटलं होतं, तो दुसरा आला आणि त्याच क्षणी पहिला कोण ते त्याला कळलं. 'प्रेताचा ओव्हरटाइम'.

खरं तर अंदाज फाटकाशीच यायला हवा होता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने डाव्या हातात पांढरा हातमोजा घातला होता. एकाच हातात. 'प्रेताचा ओव्हरटाइम' या सिनेमातलं प्रेत पहिला अर्धा भाग मोकळ्या हातांनी वावरतं आणि पुढे अचानक, कसलंही कारण न देता, डाव्या हातात मोजा घालून येतं. पोरांना त्याचं कोण कौतुक. स्वरूपाने तर व्यासपीठावरून सांगितलं की तो मोजा म्हणजे भांडवलशाहीचा अदृश्य हात आहे आणि असलं धाडस मराठी सिनेमात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, अर्जुनराव बसले होते. प्रेत तेच. चाकणच्या कांदा मार्केटमागे त्यांचं वडिलार्जित घर, आणि आज दोन बस बदलून ते आपणहून आले होते. सिनेमात तोंडाला पीठ फासलेलं, त्यामुळे इथे त्यांना कुणी ओळखलं नाही. फाटकाशी त्यांनी ते मोजे पाहिले, डावा हात नेहमीप्रमाणे खिशात ठेवला आणि आत जाऊन बसले. जयसिंगला वाटलं होतं, ते परत फिरतील. ते परत फिरले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

कारण त्या मोज्यामागे भांडवलशाहीबिंडवलशाही काही नव्हती. अर्जुनराव तेव्हा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होते. त्या गुरुवारी ते रात्रपाळी करून सकाळी सातला थेट शूटिंगला आले होते. प्रेत सरणावर पडलेलं असतं, लांबून कारखान्याचा भोंगा वाजतो आणि प्रेत सवयीने उठून कामाला निघतं, असा प्रसंग. भोंगा जयसिंग तोंडानेच वाजवायचा. एकदा झालं, दोनदा झालं, आणि दर वेळी जयसिंग म्हणत राहिला, अजून एक. ऊन डोक्यावर आलं, जेवणं राहिली. तीनला अर्जुनराव तसेच तोंड धुऊन निघाले, कारण वर्कशॉपला गुरुवारची सुट्टी नव्हती आणि त्यांनी दुसऱ्याची पाळी घेतली होती. संध्याकाळी सहाला प्रेस खाली आला, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं आत होती.

जयसिंगने सिनेमा सोडून दिला होता. दीड महिन्याने अर्जुनरावच दारात आले आणि राहिलेलं पुरं कर म्हणाले. कस्तुराने मोजा शिवला, दोन बोटांमध्ये कापूस भरला. त्या विषयावर जयसिंग आणि अर्जुनरावांत पुढे कधी बोलणं झालं नाही. दिवाळीला येणं-जाणं होतं, पोरांच्या लग्नांत एकमेकांना आहेर होता, सगळं होतं. फक्त जयसिंगने हा एक सिनेमा पुन्हा कधी पाहिला नाही.

"सर, पण मतं लोकांनी दिलीत," स्वरूपा समजुतीच्या सुरात म्हणाली. "दोनशे दहा मतं आहेत याला."

"असू देत. याला आठवा नंबर द्या."

का, असं तिने विचारलं. जयसिंगने कारणांचा पाढा वाचला. निम्म्या सिनेमात फोकस नाही. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. सरणाची लाकडं ओली, म्हणून धुरात काही दिसत नाही. स्मशानाच्या भिंतीवर कॅमेरावाल्याची सावली पडली आहे आणि ती सावली विडी ओढते आहे. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं.

"पण सर, म्हणूनच तर तो पहिला आहे," ती हसून म्हणाली. "तो इतका वाईट आहे की भारी आहे."

जयसिंगच्या डोक्यात तिडीक गेली.

"तीस वर्षं फिटर होतो मी," तो म्हणाला. "रिजेक्ट मालाला आम्ही लाल पट्टी लावायचो. लाल पट्टीवाल्या मालाला कुणी हार घालत नाही. पोटभर हसा, मी नाही म्हणत नाही. पण बिघडलेल्या कामाला पहिला नंबर देऊन माझ्या तोंडावर मारू नका. द्यायचा तर आठवा द्या. नाही तर मी माझ्या कॅसेटी घेऊन चाललो."

आता कुणी हसलं नाही. म्हातारा खरंच रागावलाय हे ध्यानात आलं तसे सगळे एकमेकांकडे बघू लागले. जयसिंगने टेबलावरची पिशवी उचलली. तो रागानेच निघालाय असं लोकांना वाटावं एवढीच त्याची इच्छा होती. चोराच्या मनात चांदणं. त्या मोज्यांकडे त्याला बघवत नव्हतं आणि मागच्या भिंतीकडे तर मुळीच नाही.

"डायरेक्टर, कागद जागेवर लाव."

आवाज मागून आला होता. साठ माना एकदम वळल्या. अर्जुनराव उभे राहिले होते.

"अर्जुनराव, तुम्ही बसा. मी बघतो काय ते."

"बसनार न्हाई." ते खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. स्वरूपा गोंधळून बघत राहिली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, अरे, हेच तर ते प्रेत.

व्यासपीठाजवळ येऊन त्यांनी डावा हात खिशातून काढला. चारचौघांत तो त्यांनी कधी काढलेला जयसिंगने पाहिला नव्हता. लग्नातसुद्धा अक्षता ते उजव्या हाताने टाकायचे आणि डावा खिशात ठेवायचे. आता तो हात दिव्याखाली होता, तीन बोटांचा, आणि अर्जुनराव तो लपवत नव्हते.

"माझी दोन बोटं ह्या पिक्चरपायी गेली," ते म्हणाले. "आठव्या नंबरासाठी न्हाई गेली."

जयसिंगने पिशवी परत टेबलावर ठेवली. म्हणजे यांना ठाऊक होतं. पाळी, ऊन, अजून एक, अजून एक, हे सगळं यांनीही मनात त्याच क्रमाने लावलेलं होतं. इतकी वर्षं तो एकटाच ते ओझं वाहत असल्याचा त्याचा समज होता. त्याला भडभडून आलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, हलकंही वाटलं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हळूच मोजा काढला आणि पर्समध्ये कोंबला. मग शेजारच्याने. बघता बघता सगळीकडे माना खाली घालून मोजे काढणं सुरू झालं. स्वरूपाचा चेहरा उतरला होता. आम्हाला माहीत नव्हतं काका, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"काढताय कशाला?" अर्जुनराव तिच्यावर डाफरले. "घाला की. बोटं गेली तवा वर्कशॉपातल्या कुनी इचारलं न्हाई, मालकानं बी इचारलं न्हाई. पंचवीस वर्सं ह्यो हात मी लोकांपासनं चोरला. आन आज दारात बघतो तं साठ जनं त्येचीच नक्कल करत उभे. मला लई बरं वाटलं. ते आता तुमी काढून टाकताय व्हय?"

 स्वरूपा म्हणाली, "पण मग काका, सिनेमा बघताना आम्ही हसायचं की नाही?"

अर्जुनरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकलेली मुलगी आणि एवढं साधं कळत नाही.

"मेलेला मानूस भोंगा ऐकून कामाला जातोय," ते म्हणाले. "त्याच्यावर न्हाई हसायचं तं कशावर हसायचं?"

जयसिंगने कागद उलगडून फळ्यावर चिकटवला. तो वाकडा लागला. सरळ करायच्या भानगडीत तो पडला नाही. पिशवीतून कॅसेट काढून त्याने स्वरूपाच्या हातात दिली, आणि तो नि अर्जुनराव पहिल्या रांगेत शेजारी शेजारी जाऊन बसले.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीला हॉल अवघडून बसला होता. मग भिंतीवरच्या सावलीने विडी पेटवली आणि सगळ्यात आधी अर्जुनरावच हसले, चांगले खो खो. त्यांच्यामागून हॉल सुटला. जयसिंगचे डोळे मात्र पडद्यावर खिळले होते. धूर, ओली लाकडं, सरणावर पिठाच्या तोंडाचा तिशी-चाळिशीतला माणूस. जयसिंगने तोंडाने काढलेला भोंगा वाजला. प्रेताने डोळे उघडले, दोन्ही हात टेकून ते उठलं. दोन्ही हात. दहा बोटं. ती जयसिंगने मोजली, मोजायची नव्हती तरी मोजली.

"ह्यो कितवा टेक?" अर्जुनरावांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

 हाच प्रश्न येईल म्हणून तर तो इतकी वर्षं हा सिनेमा टाळत आला होता. खोटं बोलता आलं असतं. "चौथा," तो म्हणाला.

"आपन पाच घेतले व्हते."

"हो."

"मग पाचवा का न्हाई घातला?"

मागे पोरं टाळ्या वाजवत होती. पडद्यावर प्रेत सरणावरून उतरून, अंगावरची राख झटकून, हजेरी लावायला निघालं होतं.  जयसिंगने ते सांगून टाकलं.

"पाचव्यात तू कॅमेऱ्यात बघितलंस, अर्जुन्या. फुकट गेला तो."

 जयसिंगने वळून पाहिलं नाही, त्याला पाहवेना. प्रेत कारखान्याच्या फाटकातून आत गेलं, वॉचमनने त्याला सलाम केला, हॉल पुन्हा खदखदला.

"मंग भाड्या," अर्जुनराव म्हणाले, "सहावा घ्यायचा व्हतास."