झाकणावरचा मनोरा

हसनभाईंच्या ताबुताला नावं ठेवणारा माणूस भिवंडीत अजून जन्माला यायचा होता, असं निदान हसनभाईंचं ठाम मत होतं. पण सत्तरच्या दंगलीत त्यांचं घर जळालं, ताबुताची वडिलोपार्जित चौकट जळाली, आणि त्यांनी कानाला खडा लावला. पुन्हा बांबूच्या कामटीला हात लावायचा नाही.

यंदा मात्र शेजारच्या टेमघर गावचा शेतकरी सावळाराम हटूनच बसला. नातू दुखण्यातून उठला तर हसनभाईंच्या ताबुताला खांदा देईन, असा नवस तो बोलून बसला होता. नातू उठला, आता ताबूत उठायला हवा! त्यानं स्वतःच्या बेटातले बांबू आणून अंगणात टाकले, आणि हसनभाई विरघळले.

त्यांचा मुलगा मुनीर बोटीवर खलाशी होता. त्यानं परदेशातून पाठवलेल्या मिठाईच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर एका उंच मनोऱ्याचं चित्र होतं. नाजूक जाळी, जोडखिडक्या, वरच्या कमानींत टांगलेले कंदील. हसनभाईंनी ताबूत हुबेहूब तसाच बांधला; चित्रातलं टोक गंजानं खाल्लं होतं, तिथं आपला चांद बसवला. मोहरमच्या मिरवणुकीच्या आदल्या दुपारी ताबूत उभा राहिला, तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

तेवढ्यात मुनीर रजेवर घरी आला. ताबूत पाहताच त्याच्या खांद्यावरची बॅग खाली पडली.

"अब्बा, हे काय केलंत? चर्च आहे हे!"

हसनभाईंना वाटलं, पोरगं मस्करी करतंय.

"खुदा कसम. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातलं. गॉथिक बांधणीचं, आपली अख्खी गल्ली पोटात मावेल एवढं. मी आत जाऊन आलोय. ते कंदील नाहीत अब्बा, घंटा आहेत."

उद्या खांद्यावर चर्च घेऊन निघायचं? दंगलीनंतर माणसं आत्ता कुठं एकमेकांकडे बघून हसायला लागली होती. कुणी म्हणालं, मुद्दाम केलं, तर? त्यांनी सुरी उचलली आणि खालच्या कामटीवर टेकवली.

"थांबा! पुढचं ऐका. मुळात हा मशिदीचाच मनोरा. बांग द्यायचा. आत पायऱ्या नाहीत, चढण आहे, घोड्यावरून वर जाता यावं म्हणून. पाचशे वर्षं ते शहर मुसलमानांच्या हाती होतं. मग पलीकडच्या ख्रिस्ती राजानं वेढा घालून ते घेतलं. पुढं मशीद पाडून हे चर्च बांधलं."

"पाडली? अख्खी?"

"अंगण ठेवलं, आणि हा मनोरा."

"आणि माणसं?"

"घरंदारं सोडून गेली."

हसनभाईंनी ते शहर कधी पाहिलं नव्हतं, तरी जळक्या वाशांचा वास त्यांच्या नाकात शिरला.

"मग मनोरा कुणी वाचवला? आपल्यांनी?"

मुनीर घुटमळला. "तिथला गाइड सांगत होता... शहर सोडताना आपलेच म्हणाले, आधी मनोरा पाडू द्या, दुसऱ्याच्या हाती नको. तेव्हा त्या राजाचा मुलगा गरजला, एक वीट जरी हलली तर एकाला जिवंत सोडणार नाही."

"आपलेच पाडायला निघाले होते?" हसनभाई हातातल्या सुरीकडे बघतच राहिले. ती अजून कामटीवरच होती.

त्याच क्षणी सावळाराम ताबुताला बांधायचा नवसाचा लाल नाडा घेऊन अंगणात आला. त्यानं सुरी पाहिली आणि नाडा टाकून तो ताबुतापुढे आडवा आला. आयुष्यात हसनभाईंपुढे आवाज न चढवलेला माणूस ओरडला,

"खबरदार! एक कामटी जरी हलली ना हसनभाई, तर बघा! माजा बांबू हाय त्यो!"

हसनभाईंनी मुनीरकडे पाहिलं.

"याला कुणी सांगितलं हे?"

मुनीरनं नुसती मान हलवली. कुणीच सांगितलं नव्हतं.

हसनभाईंच्या हातून सुरी गळून पडली. त्यांनी खाली वाकून नाडा उचलला, त्याची माती झटकली आणि सावळारामच्या हातात दिला.