दोघांच्या बोटीसाठी शिडी

माझं हृदय दुरुस्त होऊन घरी आलं आणि लेकीनं एकच अट घातली. मी पाण्यात पडलो आणि शुद्धीत नसलो, तर आईला एकटीला मला वर काढता आलं पाहिजे. नाही आलं, तर बोट विकायची. लेक विमा कंपनीत आहे. लोकांचे अपघात तिला आधीच दिसतात.

बोट म्हणजे दोघांपुरती, शिडाची. निवृत्तीनंतर मी दुसरं काही मागितलं नव्हतं. ती गेली असती तर मी काही मेलो नसतो, पण घरात बसून सगळ्यांना भंडावून सोडलं असतं, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तीच मला बंदराजवळच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदारानं आधी दुकानातली सगळ्यात चकचकीत शिडी काढली. मला आवडली. बायकोनं ती एका हातानं उचलायला घेतली आणि खाली ठेवली.

"नाकापेक्षा मोती जड," ती म्हणाली. "आमची बोट कलेल हिच्यानं."

मग मी दोरीची शिडी पुढे केली. घडी होते, डब्यात मावते, स्वस्त. बायकोनं ती भिंतीच्या हुकाला अडकवायला लावली, पायरीवर पाय ठेवला आणि पाय शिडीसकट भिंतीकडे गेला. ती मागच्या मागे दुकानदाराच्या हातात.

"पाण्यातही असंच," ती पदर सावरत म्हणाली. "पाय बोटीखाली, माणूस उताणा. घ्या, डब्यात मावते!"

शेवटी बोटीच्या मागच्या अंगाला कायमची बसवायची, दुमडणारी शिडी पसंत पडली. उघडल्यावर खालच्या दोन पायऱ्या पाण्यात बुडतात, म्हणजे गुडघा छातीला लावावा लागत नाही. पण ती वर दुमडलेली असताना पाण्यातल्या माणसाला खाली ओढून उघडता येईल का? बायको सरळ फरशीवर बसली, हात वर केला आणि शिडी खाली ओढायची लोंबती दोरी हाताला लागते की नाही ते बघितलं. लागली. मी पाकिटाला हात घातला.

"थांबा. हे बेशुद्ध असले तर?" तिनं दुकानदाराला विचारलं.

"शुभ बोल रे नाऱ्या!" मी म्हणालो.

"नाऱ्या शुद्धीत असेल तर शिडी चढेल. नसेल तर?"

दुकानदारानं मग एक रुंद पट्टा आणला, काखेखालून घालायचा, आणि त्याच्याबरोबर कप्प्यांचा जोड. तो डोलकाठीवरून सोडलेल्या दोरीला टांगायचा आणि खालून ओढायचं. मध्येच हात सुटला तरी दोरी मागे सरकत नाही. हात हातभर दोरी ओढतो, तेव्हा माणूस कुठे दोन-चार बोटं वर येतो. पण येतो. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असं तो म्हणाला, आणि किंमतही त्याच मानानं सांगितली.

रविवारी वारा पडलेला होता. बोट धक्क्याला बांधलेली, लेक धक्क्यावर हाताची घडी घालून उभी. "हातच्या काकणाला आरसा कशाला," ती म्हणाली. "बाबा, उतरा पाण्यात. मदत करायची नाही. अगदी मेल्यासारखं..."

"बेशुद्धासारखं," आईनं तिला दुरुस्त केलं.

मी लाइफ जॅकेट घालून उतरलो आणि अंग सोडून दिलं. बायकोनं आधी नुसत्या हातांनी ओढून बघितलं. माझी हनुवटी कडेपर्यंत आली आणि परत गेली. मला पाय मारायचा मोह होत होता, पण लेक बघत होती. मग बायकोनं वाकून पट्टा माझ्या अंगाखालून घेतला, अडकवला आणि ओढायला लागली. मी डोळे मिटले होते. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनमधून तिची बडबड. "या. या वर. एवढी साखर घालून चहा प्यायला आहात, या आता." कंबर पाण्याबाहेर आली, मग पाय. ओली गादी वळचणीला टाकावी तसा मी डेकवर पडलो. बायकोचे पाय धरावेत असं वाटलं, पण उठताच येईना.

"पास," लेक म्हणाली. "बोट ठेवा."

मी हात जोडले. बायकोनं चष्मा काढून लेकीकडे दिला.

"आता माझी पाळी."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पडले तर?"

खरं सांगतो, एवढी खरेदी झाली, सगळी मापं माझ्या वजनानं घेतली, पण ती पडू शकेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आई, बाबांनी वजन उचलायचं नाहीये," लेक म्हणाली.

"डॉक्टरांना कप्प्या दाखवून विचारलंय मी. सावकाश ओढायचं, दम लागला की थांबायचं. नाहीतर मी बुडताना यांनी काय टाळ्या वाजवायच्या?"

आणि ती साडीवर जॅकेट चढवून उतरली, डोळे मिटून पाण्यावर सैल पडली.

मी पट्टा अडकवला आणि ओढलं. थांबलो, परत ओढलं. लेक उडी मारून बोटीत आली. तिचा हात दोरीपाशी होता, पण तिनं दोरीला लावला नाही. माझ्या छातीत काही दुखलं नाही. बायकोचं डोकं कडेला आलं तेव्हा मी म्हणालो, "अगं, उघड डोळे, झालं."

"बेशुद्ध माणूस डोळे उघडत नाही," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आधी पूर्ण वर घ्या."

घेतलं. डेकवर तिच्या शेजारी मी मटकन बसलो आणि मला रडू आलं. आजारपणापासून घरातला जो तो माझ्या हातातून काहीतरी काढून घेत होता, अगदी पाण्याचा तांब्यासुद्धा. प्रेमानंच, पण काढून घेत होता. बायकोनं त्या दिवशी स्वतःचं सगळं वजन माझ्या हातात दिलं होतं.

"तुझे उपकार कसे फेडू?" मी विचारलं.

"आधी पट्टा सोडा," ती म्हणाली. "काखेत रुततोय."