खालच्या कप्प्यातला थोरला

मी एक जुना पोलादी रिट्रॅक्टर आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर कातडी कापतात, ती जखम ओढून उघडी धरायची, एवढेच माझे काम. माझ्या भावंडांत मी सर्वांत रुंद, म्हणून सिस्टर मला 'थोरला' म्हणतात.

ज्या कारागिराने मला वाकवले, त्याने माझी कड आपल्याच गालावर फिरवून पाहिली. "बोचला तर परत भट्टीत," तो म्हणाला. मी बोचलो नाही.

तरुणपणी, गुडघ्याजवळचे हाड मोडले की माझीच आठवण व्हायची. मांडीपासून नडगीपर्यंत लांब चीर द्यायची आणि मी सगळे उघडे धरायचे. फुटलेली बशी जुळवावी तसे जुने डॉक्टर हाडाचे तुकडे डोळ्यांनी बघून जुळवत. पण खोटे कशाला सांगू? मी ओढून धरलेली कातडी कधी कधी काळी पडे, जखम चिघळे. एका बाईचा तर पायच कापावा लागला. त्या दिवशी सिस्टर मला पुन्हा पुन्हा धूत राहिल्या.

मग नवे डॉक्टर आले. बोटभर चीर, तिच्यातून हाड जोडून धरणारी पोलादी पट्टी कातडीखाली सरकवायची आणि हाड एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघायचे. जखमा लवकर भरू लागल्या, माणसे लवकर घरी जाऊ लागली. माझा जळफळाट झाला, पण नाव ठेवायला जागा नव्हती. मी खालच्या कप्प्यात गेलो.

एकदा शिडीवरून पडून गुडघ्याजवळचे हाड मोडलेला एक रंगारी आला. कमरेखालचे अंग बधिर केलेले, पण माणूस जागा. "डॉक्टर, शिडी चढता आली पाहिजे हां. मला दुसरं काही येत नाही," कापडी पडद्याआडून तो सारखा म्हणत होता.

पट्टी छान बसली. मग एक्स-रे यंत्र फिरवून बाजूने पाहिले. सांध्यातला हाडाचा एक तुकडा खाली खचला होता. बारीक चिरेतून ढकलून पाहिला, तो हलेना.

"थोरला द्या, सिस्टर. उघडून बघावं लागेल."

"सर, तो वाफेला घातलाच नाहीये. हल्ली लागत नाही ना, म्हणून..."

जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रातून निघाल्याशिवाय आम्हाला जखमेला शिवता येत नाही. मला वाफवून आणेपर्यंत थांबणे भाग होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले, रक्त थांबवायला मांडीवर आवळलेल्या पट्ट्याकडे पाहिले; तो फार वेळ ठेवता येत नाही. मग त्यांनी एक्स-रे यंत्र पुन्हा समोर फिरवले. समोरून हाड सरळ दिसत होते.

"जमलंय. टाके घाला," ते म्हणाले.

"झालं? शिडी चढेन ना?"

"जखम बघा तरी, केवढीशी आहे!"

रंगारी खूश झाला. "बायकोला सांगतो, मुंगी चावल्याएवढं कापलं!" मला कप्प्यात ओरडावेसे वाटले.

काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा पाय वाकडा झाला होता आणि पाऊल टाकताच गुडघा ठणकत होता. या वेळी मला वाफेला घातले. मी जखम पूर्ण उघडी धरली. खचलेला तुकडा तिथेच घट्ट जुळून गेला होता, सांध्यावरचा गुळगुळीत थर झिजून गेला होता. डॉक्टरांनी जमेल तेवढे सरळ केले, पण झिजलेले परत कुठून आणणार?

"बसून करायचं काम बघा आता," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे भिंत खालून अर्धी मी रंगवू," रंगारी म्हणाला, "आणि वरची कोण?"

मित्रांनो, लहान चीर वाईट नाही. बहुतेकांचा पाय तीच वाचवते. मोठी चीर हौसेने देऊ नये, हेही मी भोगून शिकलो. पण जे क्वचित लागते, तेही तयार ठेवा, आणि जे नको ते दिसले, ते नजरेआड करायला यंत्र फिरवू नका.

उद्या सकाळी एका शाळकरी मुलीच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. तिच्यासाठी मघाशीच बाकीची सगळी हत्यारे वाफेला गेली. माझा कप्पा कोणी उघडलेला नाही.