राख काढायची राहिली

मित्रांनो, मला शेगडी म्हणा. जुनी आहे, तळ गेलेला आहे आणि तोंडाने फटकळ आहे. सध्या माझा मुक्काम रस्त्याच्या कडेला, गळ्यात 'फुकट, घेऊन जा' अशी पुठ्ठ्याची पाटी. आमच्या गावात नकोशी वस्तू अशीच घराबाहेर काढतात. कुणी उचलून नेईपर्यंत तुम्हाला माझी कहाणी सांगते. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मर्ल होफ्मन नावाच्या वेल्डरने मला घडवलं. तेलाचं रिकामं पिंप त्याने उभं चिरलं. अर्धं खाली, अर्धं वर झाकण म्हणून. बिजागऱ्या मोडक्या गोठ्याच्या दाराच्या, पाय जुन्या नांगराच्या लोखंडाचे, मूठ कुऱ्हाडीच्या दांड्याची. त्याच महिन्यात त्याचा मुलगा गॅरिट जन्मला. मला टिल्डन कॉलेजचा हिरवा रंग दिला आणि बाळालाही हिरवंच टोपडं घातलं. आमच्या कॅन्ससमधल्या त्या गावात दुसरा रंग असतो हे पोरांना शाळेत गेल्यावर कळायचं.

टिल्डनची मॅच शनिवारी. फुटबॉल, पण आमचा. चेंडू छातीशी धरून पळायचा आणि अंगावर धडका झेलायच्या, तो. मॅचच्या आधी सकाळपासून स्टेडियमबाहेरच्या मैदानात गाड्या लागायच्या, शेगड्या पेटायच्या, आणि अर्धं गाव तिथेच जेवायचं. माझी जागा फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबाशी. मर्ल माझ्यावर सॉसेज भाजायचा, बरगड्यांचं मांस, मक्याची कणसं. मॉरो व्हॅलीचे लोक, आमचे सात जन्मांचे वैरी, तेसुद्धा वास काढत यायचे. "तुमची टीम भिकार आहे, पण शेगडी झकास आहे," असं म्हणून हात पुढे करायचे. मर्ल त्यांना वाढायचा. मला तेव्हा फार मिरवल्यासारखं वाटायचं.

गॅरिट हाताशी आला तसं माझं एक काम त्याच्याकडे लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्यातली राख काढायची, कोरडी असेतो, डब्यात भरायची आणि शेजारच्या लोरेटाच्या गुलाबांना टाकायची. मर्लने त्याला एकदा बजावून सांगितलं होतं, "जाळाने हिचं काही बिघडत नाही. ओली राख हिला खाते." पोरगं ते कधी विसरलं नाही. शाळेतून आला, दप्तर टाकलं, की आधी माझं झाकण उघडायचा. माझी एवढी काळजी नंतर कुणी घेतली नाही.

हाच गॅरिट पुढे टिल्डनकडून खेळायला लागला. चेंडू घेऊन असा सुटायचा की आत सगळं स्टेडियम उठून उभं राहायचं, आणि बाहेर माझ्या निखाऱ्यांपर्यंत तो गलका यायचा. चौथं वर्ष उजाडलं आणि त्या सीझनच्या चौथ्या मॅचला त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. पूर्ण नाही, अर्धं. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच महिने.

आता इथून माझ्याभोवती जी वादावादी सुरू झाली ती विचारू नका. कॉलेजच्या खेळाडूला चारच वर्षं खेळता येतं. पण एखाद्या वर्षी तो चार किंवा त्याहून कमी मॅच खेळला, तर ते वर्ष धरत नाहीत, पुढच्या वर्षी परत खेळू देतात. त्याला रेडशर्ट म्हणतात. पाचवी मॅच खेळला की वर्ष गेलं. गॅरिटच्या चार झाल्या होत्या. गुडघा बरा होणार होता नेमका शेवटच्या मॅचला, आणि ती होती मॉरो व्हॅलीशी, आमच्याच मैदानावर.

गॅरिटला मास्तर व्हायचं होतं. ह्या वर्षानंतरही शिक्षण एक वर्ष बाकी राहणार होतं आणि टीममध्ये आहे तोवर फी कॉलेज भरणार होतं. म्हणजे रेडशर्ट मिळालं तर एक वर्ष खेळ आणि हातात डिग्री. नाही मिळालं तर दोन्ही गेलं. वेल्डरच्या घरात दुसरी सोय नव्हती.

"पोराला बसवायचं," मर्ल सॉसेज उलटताना म्हणायचा. "विषय संपला."

"संपला कसा?" हा ड्वेन. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि नियम मात्र फुटबॉलचे सांगायचा. "मॉरो व्हॅलीला हरवायचं नसेल तर टीम पाळायची कशाला? शेती करा."

"ड्वेन, तू शाळेच्या टीममध्ये होतास तेव्हा तुला कधी आत घेतलं होतं?" लोरेटा विचारायची. तिचं केशकर्तनालय होतं आणि जिभेला कात्रीची धार होती.

"दुखापत होती मला."

"हो, बाक टोचायचा बिचाऱ्याला."

सगळे हसायचे. ड्वेनही हसायचा, आणि कणीस खात पुन्हा तेच. "बरं, बसवा. पण मी काय म्हणतो, शेवटी दोन मिनिटं आत सोडलं तर काय बिघडतं? एखाददुसरा डाव धरत नाहीत. निदान पाव मॅच खेळावी लागते, तर ती मॅच मोजतात."

"नक्की?" मर्लने विचारलं.

"मी कधी चुकीचं सांगितलंय?"

आणि मित्रांनो, त्या दिवशी गॅरिट तिथेच होता. कुबड्या माझ्या पायाला टेकवलेल्या, हातात पावात घातलेलं सॉसेज. तो म्हणाला, "तसं नाहीये काका. एक डाव जरी खेळलो तरी मॅच धरतात. आम्हाला कागदावर सही करून सांगितलंय."

ड्वेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी इथे उभा राहतोय. तू गुडघा सांभाळ, नियम आम्ही बघतो."

पोरगं हसलं आणि खाऊ लागलं. मर्लने त्याला अजून एक सॉसेज वाढलं. खरं कोण बोललं हे कुणी पडताळून पाहिलं नाही.

शेवटची मॅच आली. त्या दिवशी आमच्याकडे रीत आहे. चौथ्या वर्षाच्या मुलांना मॅचच्या आधी आईबापांसोबत मैदानात नेतात, नाव पुकारतात, टाळ्या होतात. गॅरिट पुढच्या वर्षी परत येणार होता, तरी त्याच्या सोबतीची मुलं कॉलेज सोडून चालली होती म्हणून तोही त्यांच्याबरोबर मैदानात जाणार होता. गणवेश घालून, गुडघ्याला पट्टा बांधून. खेळायचं नाही, असं कोचने आठवडाभर आधीच सांगितलेलं. मर्लने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला पेटवताना शर्टावर ठिणगी उडेल म्हणून लांबून कोळसे टाकत होता.

मॅच मी आतून कधी पाहिली नाही, पण गाडीच्या मागच्या फळीवर रेडिओ चालू असायचा. त्या दिवशी टिल्डनने मॉरो व्हॅलीला अक्षरशः धुतलं. शेवटच्या मिनिटाला इतके पुढे होते की काही करायची गरजच उरली नव्हती. तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. आधी एका कोपऱ्यातून, मग चारी बाजूंनी. गॅ-रिट. गॅ-रिट. माझी जाळी थरथरत होती, एवढा मोठा. रेडिओवरचा माणूस सांगायला लागला, लोक त्याला मैदानात मागतायत, कोच मागे वळून बघतोय, आणि हो, होफ्मन उठलाय. सगळ्यांना त्या कौतुकाच्या पोराला एकदा आत उभं राहिलेलं पाहायचं होतं. एक डाव झाला. त्याने चेंडू घेतला, जागीच गुडघा टेकला, आमच्यात तसं केलं की डाव तिथेच थांबतो, आणि वेळ संपून मॅच संपली. रेडिओवरचा माणूस रडला.

मग सगळे बाहेर आले. लोरेटाचा घसा बसला होता. ड्वेन दिसेल त्याला मिठ्या मारत होता, "मी सुरू केलं, आपल्या रांगेतून सुरू झालं, विचारा हवं तर." मर्लने नवे कोळसे घातले, उरलेलं सगळं मांस माझ्यावर मांडलं. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गॅरिट आला तेव्हा केस ओले होते. त्याने काही घेतलं नाही.

"पाचवी झाली," तो म्हणाला.

"काय पाचवी?" मर्लने विचारलं.

"मॅच, पपा. पाचवी. कॉलेजच्या ऑफिसमधल्या माणसाने आत्ता कपडे बदलायच्या खोलीत येऊन सांगितलं. त्या गलक्यात कोचच्या डोक्यातूनच गेलं. मी इथे सांगितलं होतं तुम्हाला. इथेच, ह्या शेगडीपाशी."

"अरे पण तू नुसता उभा होतास," ड्वेन म्हणाला. "ते काय खेळणं झालं?"

"मग तू नाही म्हणायचंस ना राजा," लोरेटा बसक्या आवाजात म्हणाली. "जायचंच नाही आत."

"कोचने पाठीवर हात ठेवला. सगळे नाव घेत होते. मी म्हटलं, पपांकडे बघू. पपा नको म्हणाले तर बसतो." तो बापाकडे बघून बोलला नाही, माझ्याकडे बघून बोलला. "पपा बाकावर चढले होते. दोन्ही हात वर."

मांस करपत होतं. मर्लने माझं झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसला.

कॉलेजने वर, खेळाच्या मंडळाकडे अर्ज केला, वर्ष परत द्या म्हणून. वरून नकार आला. नियम तो नियम. ड्वेन म्हणत फिरला की लोरेटानेच ओरडायला सुरुवात केली. लोरेटा म्हणाली, ज्याने खोटा नियम सांगितला त्याने माझ्या दुकानात पाऊल ठेवू नये. कोचला सगळ्यांनीच शिव्या घातल्या. मर्लने कुणालाच काही म्हटलं नाही. मला परसात नेऊन ठेवलं आणि पुन्हा उघडलं नाही. गॅरिट वसंतात दूरच्या गावी गेला, धान्याच्या कोठारावर कामाला लागला.

आणि माझ्या पोटात त्या दिवसाची राख तशीच राहिली. बर्फ पडलं, वितळलं, झाकणाच्या फटीतून पाणी आत गेलं. मी भरपूर जाळ सोसलाय, त्याचं मला काही वाटलं नाही. हे मात्र आतून कुरतडत गेलं, आणि माझं ओरडणं कुणाला ऐकू जात नव्हतं. शनिवारी स्टेडियमचा आवाज परसापर्यंत यायचा. नाव दुसऱ्याच कुणा पोराचं असायचं.

काही वर्षांनी, नोव्हेंबरात सगळं घर टर्की भाजून एकत्र जेवतं त्या सणाला, गॅरिट घरी आला. जरा लंगडत होता. परसात येऊन त्याने सवयीने माझं झाकण उघडलं. राख दगड झाली होती. त्याने खुरप्याने टोकरली तशी ती निघाली आणि तिच्याबरोबर माझा तळही निघाला.

"ही काढली नाहीत तुम्ही?" त्याने विचारलं.

मर्ल दारात उभा होता. "ते तुझं काम होतं ना," तो म्हणाला. "मला वाटलं, तू येशील."

गॅरिटने खुरपं भिंतीला टेकवून ठेवलं. मग दोघांनी मिळून मला उचललं आणि इथे रस्त्यावर आणून ठेवलं. पाटी गॅरिटने लिहिली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पायऱ्यांवर उभे राहून कुणाच्या तरी नावाने ओरडाल. प्रेमानेच ओरडाल, मला ठाऊक आहे, तेही प्रेमानेच ओरडले. फक्त ज्याचं नाव घेताय त्याने आधी काय सांगितलं होतं, ते आठवा. आणि राख वेळेवर काढा.

हे बघा, गाडी थांबली. ड्वेनच आहे, केस पिकलेत. मला सगळीकडून ठोकून बघतोय.

"होफ्मनची शेगडी," तो म्हणतोय. "तळाला पत्रा मारला की झालं. हिच्यातून अजून एक सीझन आरामात निघेल."

गॅरिट घराच्या फाटकाशी उभा आहे.

"तिला विचारलंत का, काका?"