रोल संपवण्यापुरते फोटो

नेकनूरच्या बसस्टँडसमोरचा शेटे फोटो स्टुडिओ सव्वीस वर्षं चालला तो महानंदाच्या जोरावर, असं गावात तोंडावर बोललं जायचं आणि तिच्या नवऱ्याला, गुरुपादआप्पांना, त्यात काही वाईटही वाटायचं नाही. आप्पा फोटो काढायचे. बाकी सगळं तिच्याकडे. गिऱ्हाइकाचे केस पाण्याच्या हातानं बसवायचे, रडक्या लेकरापुढे चाव्यांचा जुडगा वाजवायचा, लग्नाच्या ऑर्डरीला नवरा-नवरीच्या तोंडावर मोठा दिवा धरून तासन्‌तास उभं राहायचं. ती माघात तीन दिवसांच्या तापानं गेली. एवढ्या गडबडीनं ती कधी माहेरीसुद्धा गेली नव्हती.

त्यानंतर आप्पा स्टुडिओ उघडायचे आणि खुर्चीत बसून एसट्या मोजायचे. त्यातच बीडच्या लॅबवाल्यानं निरोप धाडला, की दोन हजार सात साल उजाडलंय, रोल धुवायचं मशीन आता आठवड्यातून एकदाच चालेल. लातूरला दिलेली लेक प्रणिता फोनवर हटून बसली. "आप्पा, डिजिटल घ्या. काम असलं की माणूस बरं ऱ्हातंय."

आप्पा औरंगाबादला गेले. दुकानदारानं काचेवर दोन कॅमेरे ठेवले आणि घडाघडा बोलत सुटला. बॉडी, अठरा-पंचावन्नची लेन्स, बॅटरी, चार्जर, कार्ड, पिशवी, सगळं एकाच किटमध्ये. याचा स्क्रीन मोठा, त्याचा फोकस चपळ. आप्पांना निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. त्यांनी दोन्ही डोळ्याला लावून पाहिले आणि "काय गं, कोणता?" म्हणून शेजारी वळले. शेजारी दुसरंच गिऱ्हाईक होतं, ते बिचारं बॅटरीचे सेल घ्यायला आलं होतं. आप्पांचे कान लाल झाले. मग त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांचं बटण चारचारदा दाबलं आणि ज्याचा खटका जुन्या कॅमेऱ्यासारखा खणखणीत वाजला तो घेतला. दुकानदार हसला. हसू दे.

"एक सांगतो आप्पा," पिशवी हातात देताना तो म्हणाला, "लेन्स काढताना आतल्या सेन्सरवर धूळ जाऊ देऊ नका. धूळ म्हणजे याचा दुश्मन."

नेकनुरात धूळ टाळायची म्हणजे गावच सोडायला पाहिजे. पण आप्पा सांगितल्या शब्दाला जागणारा माणूस. स्टुडिओच्या मागे डार्करूम होती, तीच त्यांनी कॅमेऱ्यासाठी रिकामी करायला घेतली. वाळलेले ट्रे, गंजलेले डबे आणि जुन्या ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हांची सात पोती. बुरशीनं कुबट वास सुटला होता. निगेटिव्हमधली चांदी काढणारा बीडचा पंडित नेहमी मागे लागायचा. आप्पांनी त्याला बोलावलं. पंडितनं पोती टेम्पोत टाकली, आप्पांनी भिंतींना चुना लावला आणि नव्या फळीवर कॅमेरा ठेवून हात झटकले. त्या दिवशी त्यांना बरंच मोकळं वाटलं होतं, हे सांगायलाच पाहिजे.

कॅमेरा मात्र सहज वश होईना. फोटो काढला की आप्पांचा अंगठा सवयीनं रोल पुढे सरकवायची दांडी शोधायचा, आणि दांडीच नाही. गिऱ्हाइकं तर बिघडलीच. पूर्वी पासपोर्टला एकदा खटका वाजला की माणूस उठून जायचा. आता जो तो मागचा स्क्रीन बघायला मागायचा आणि "नाक मोठं आलंय" म्हणून परत बसायचा. नाक मोठंच होतं, त्याला कॅमेरा काय करणार?

दुपारी सामसूम झाली की आप्पा एकटेच सराव करायचे. कार्डात तीनशे फोटो मावतात म्हणे. त्यांनी स्टूल काढलं, पडदा काढला, दारातली जास्वंद काढली. माणूस काढायचं तर माणूस कुठून आणणार? मग त्यांनी टायमर लावला. दहा सेकंदांत धावत जाऊन स्टुलावर बसायचं. स्क्रीनवर जे म्हातारं आलं ते चुकून दुसऱ्याच गावी उतरल्यासारखं बघत होतं. आप्पांनी ते पुसून टाकलं.

पुण्यस्मरणाला महिना राहिला तेव्हा प्रणिताचा फोन आला. "आप्पा, आईचा एक मोठा फोटो करून ठेवा. ती गेल्यावर बसवून, विभूती लावून काढला तो नको. लग्नातला बी नको, त्यात तिचं तोंडच दिसंना, मान खाली घातलेली. हसरा एखादा बघा."

"अगं, शेकड्यानं हायेत की!" आप्पा जोरात म्हणाले.

आणि खरंच होते. जुन्या काळी रोल छत्तीस फोटोंचा. गिऱ्हाइकाला पासपोर्ट घाईचा असायचा आणि रोलात पाच-सहा जागा उरलेल्या. मग आप्पा हाक मारायचे, "महानंदा, ये गं, रोल संपवायचाय." ती हात पुसत यायची, स्टुलावर बसायची, तोंडानं काहीतरी बोलत असायची. खट, खट, खट. रोल धुतला जायचा, गिऱ्हाइकाचा फोटो छापला जायचा. तिचे कशाला छापायचे? कागद फुकट येतो का? निगेटिव्ह पोत्यात जायची. पंधरा वर्षं ती अशी पोत्यात जात राहिली. रंगीत जमाना आल्यावर तेही थांबलं. महागाचा रोल, आणि निगेटिव्ह गिऱ्हाईकच घेऊन जायचं.

फोन कानाला तसाच ठेवून आप्पांनी चुना लावलेल्या खोलीकडे पाहिलं. तिकडून प्रणिता "आप्पा? आप्पा?" करत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते बीडला पंडितच्या शेडवर पोचले. पंडित भला माणूस, त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तवाच सांगायचं ना आप्पा! चौथ्या दिवशी धुतलं समदं." कोपऱ्यात पट्ट्यांचा ढीग होता. आप्पांनी एक उचलून उजेडात धरली. आरपार पलीकडची मोरी दिसली. दुसरी धरली, तिसरी धरली. पंडितनं चहा मागवला, तो निवून गेला. आपल्या हातानं आपण बायको दुसऱ्यांदा पोचवली, असं आप्पांना वाटलं, आणि परतीच्या एसटीत ते तोंडावर टॉवेल घेऊन बसले.

आता एकच आशा उरली होती. गावातल्या निम्म्या लग्नांचे अल्बम त्यांच्याच हातचे. आप्पा गळ्यात कॅमेरा अडकवून घरोघर फिरू लागले. धोंडीरामकडे तीन लग्नं, साखराबाईकडे दोन. लोक कौतुकानं अल्बम काढून द्यायचे, आप्पा पान न्‌ पान बघायचे. प्रत्येक नवरीच्या डाव्या गालावर स्वच्छ उजेड होता. तो उजेड महानंदाच्या हातातल्या दिव्याचा. उजेड सगळीकडे, आणि ती कुठेच नाही.

शेवटी विमलबाईच्या घरी, तिच्या थोरलीच्या हळदीच्या फोटोंत, ती सापडली. एका कोपऱ्यात कमरेच्या वर, हिरव्या लुगड्यात, दिवा खाली घेतलेला, एक हात पुढे, तोंड उघडं, आणि डोळे थेट कॅमेऱ्याकडे. हसत होती.

"ह्यो फोटो तर बिघडलेला," आप्पा पुटपुटले. "ही मधी आली व्हती."

"बिघडलेला न्हाई काही," विमलबाई म्हणाली. "तुमी फाडायलता, मीच मागून घेतला. आप्पा, तुमाला आठवंना का? ती म्हणली, आजवर इतके काढले, एक बी दाखवला न्हाई. ह्यो रंगीत हाय, माझा एक काढा अन् मला दाखवा. तुमी लई खेकसलात तिच्यावर. गिऱ्हाइकाचा रोल हाय, सर बाजूला म्हणलात. चार बायांत."

आप्पांना आठवलं नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं. तिला आठवत असणार, आणि त्यानंतरही ती आठ-दहा वर्षं दिवा धरत राहिली.

अल्बम उंबऱ्यावर ठेवून ते वाकले. प्लास्टिकवर ऊन चमकत होतं म्हणून सावलीत सरकवला. लेन्स पुढे-मागे घरघरत राहिली, फोकस बसेना. चार बोटं मागं सरल्यावर बसला. खटका वाजला. मागच्या स्क्रीनवर त्यांनी तिचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि तिथेच उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडले. विमलबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुण्यस्मरणाच्या दिवशी फोटो भिंतीवर होता. कडेची माणसं लॅबवाल्यानं कापून टाकली होती. पुढे आलेला हात तेवढा राहिला होता. जंगम पूजा आटोपून गेले, पंगत उठली. प्रणिता फोटोपुढे उभी राहिली, पदर डोळ्यांना लावत.

"आप्पा, आई काहीतरी बोलायलीय की ह्यात. काय म्हणायलीय?"

मागच्या बाजूला विमलबाई विडे लावत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणणार," आप्पा म्हणाले. "पुरे आता फोटो, जेवून घ्या म्हणायलीय."

"आईच ती!" प्रणिता रडता रडता हसली. जावई हसले, पाहुणे हसले. विमलबाईनं मान खाली घालून पुढचं पान घेतलं. आप्पाही सगळ्यांबरोबर हसले, मग पाणी पिण्याचं निमित्त करून मागच्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.