फिंजान हलवेपर्यंत

गंगुबाईने ओमानला यायचं कबूल केलं ते एकाच अटीवर. सोनं नको, मॉल नको, समुद्र तर नकोच. समुद्र तिच्या देवगडच्या परसामागे बारा महिने असतो. तिला वाळवंटातल्या त्या कॅम्पात राहायचं होतं, जिथे तिच्या नवऱ्याचं, जनार्दनचं, उभं आयुष्य गेलं. आणि राहायचं ते पाहुण्यांच्या तंबूत, पाहुण्यांसारखं.

"मागच्या बाजूक स्टाफच्या खोल्यो आसत," जनार्दन फोनवर म्हणाला होता. "थय रवशील. गुपचूप."

"गुपचूप रवाक माका देवगड काय वायट आसा?" म्हणत तिने फोन ठेवून दिला होता.

तिच्या हट्टाला कारण होतं. मुलगी पूर्वा पाळण्यात होती तेव्हा जनार्दन इकडे आला. कॅम्पात नाव वायरमनचं, पण कामाला अंत नाही. वायरिंग करायची, तंबू ताणायचे, शेकोटी पेटवायची, पाहुण्यांना जेवण वाढायचं, त्यांचे फोटो काढायचे. ते फोटो तो घरी पाठवायचा. वाळूच्या टेकडीवर लोडाला टेकलेल्या गोऱ्या बायका, उंटावर ओरडणारी मुंबईची मुलं, गालिच्यावर ताटं घेऊन बसलेली अख्खी कुटुंबं. गंगुबाई एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघायची आणि एकातही तिला नवरा सापडायचा नाही. कसा सापडेल? तो कॅमेऱ्याच्या मागे उभा.

बरं, सुट्टीवर घरी आला तरी तेच. कुणाचा पंप बिघडला, कुणाच्या मांडवाला दिवे लावायचे, चालला. पूर्वाच्या लग्नात सगळी पंगत उठल्यावर तो चुलीशी उभ्या-उभ्या जेवला होता. मुलीचा बाप! गंगुबाईला ते आजही आठवलं की घास कडू व्हायचा. नवरा शेजारी बसलाय आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बसून राहिलाय, असं एक जेवण तिच्या संसारात झालं नव्हतं. आता हा त्याचा शेवटचा हिवाळा. उन्हाळ्याच्या तोंडावर तो कायमचा घरी येणार होता. ते जेवण व्हायचं तर इथेच, जिथे त्याने साऱ्या जगाला वाढलं तिथे, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पूर्वा आता मस्कतला इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला होती, तिथल्याच माबेला भागात राहायची. आईचा हट्ट तिने उचलून धरला. स्वतःच्या नावावर तंबू घेतला, आईला गाडीत घातलं आणि सकाळीच निघाली. बिदियाला, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते, तिथे जनार्दन उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि चेहरा कुणाची तरी चोरी केल्यासारखा. शेजारी पांढऱ्या पायघोळ डिशडाशात महमूद होता. महमूद कॅम्पाचा वाटाड्या, त्याच वाळूत जन्मलेला. त्याच्या आजोबांचे उंट जिथे बसायचे तिथेच आज कॅम्पाचे तंबू होते.

"यल्ला, अर्बाब!" महमूदने जनार्दनसाठी गाडीचं दार उघडलं. "आज तुम बैठेगा, हम चलाएगा."

'अर्बाब' हा मालकाला म्हणायचा शब्द स्वतःला लागलेला ऐकून जनार्दन लाजून लाल झाला. गंगुबाईला मात्र महमूद तिथेच आवडला.

वाळूत शिरण्याआधी महमूद चाकांची हवा कमी करायला उतरला, तर जनार्दनही मागोमाग उतरला. गंगुबाईने हाक मारली, "अहो! खय चाललात?" तो परत येऊन बसला. पुढे टेकडीवर कॅम्पाच्या दोन गाड्या थांबल्या. दुसऱ्या गाडीतून मस्कतचंच एक मराठी कुटुंब उतरलं, निशांत आणि सावनी, दोन मुलांसह. मुलं आपसात इंग्रजीत किंचाळत वाळूवरून घसरगुंडी करू लागली. गंगुबाईने पदर खोचला, पूर्वाचे बूट पायात होतेच, आणि ती पण बसून घसरली. खाली पोचल्यावर इतकी हसली की सावनीची मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

वर बघते तो काय, जनार्दनच्या हातात निशांतचा फोन! "भाऊ, एक फॅमिली फोटो," निशांत म्हणाला असणार, आणि याचे हात तर तयारच. गंगुबाई धापा टाकत टेकडी चढली. फोटो होऊ दिला. मग नवऱ्याच्या हातातून फोन घेऊन तो निशांतला परत दिला आणि पूर्वाचा फोन त्याच्या हातात ठेवला.

"आता आमचो काढा," ती म्हणाली. "हे मधी उभे रवतले."

निशांतने हसत काढला. फोटोत जनार्दनचे दोन्ही हात पोटाशी, एकमेकांना धरून. मोकळे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

कॅम्पात पोचल्यावर स्वागताच्या तंबूत मॅनेजर होता, शिरीष. पुण्याचा, पूर्वाच्या वयाचा, बोलायला गोड.

"अरे जनार्दन, वहिनींना मागे घेऊन जा ना," तो म्हणाला. "तिकडे खोली साफ करून ठेवलीय."

"तंबू माझ्या नावावर आहे, सर," पूर्वा म्हणाली. "तीन पाहुणे. आणि बाबा दोन दिवस रजेवर आहे, तुम्हीच मंजूर केलीय."

"हो हो, तसं नाही गं. तुम्ही दोघी अगदी आरामात राहा. पण तो स्टाफ आहे ना, गेस्ट लोकांत बसलेला बरा दिसत नाही. तुला कळतंय ना, जनार्दन?"

जनार्दनने मान डोलावली. ती डोलताना बघून गंगुबाईचं डोकं सणकलं. तो! तुला! तिच्या गावात या माणसाला लहान पोरंसुद्धा काका म्हणतात. तिने जनार्दनच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत पाहुण्यांच्या तंबूकडे चालू लागली.

बैठकीच्या तंबूत महमूद काहवा घेऊन आला. लांब चोचीच्या किटलीतून इवल्याशा बिनकानाच्या पेल्यात, फिंजानमध्ये, वेलचीचा वास येणारी कडू कॉफी. गंगुबाईने एका घोटात संपवली, त्याने पुन्हा भरली. दिलेलं टाकायचं कसं, म्हणून तिने तीही संपवली. त्याने पुन्हा भरली. चार-पाच झाल्यावर तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"गो, पेलो हलव," जनार्दन हळूच म्हणाला. "असो, उजवी-डावीकडे. हलवलंस की ते समाजतत, पावण्याचा पॉट भरला. तोपर्यंत ओतीत रवतले. आणि पावणो पेलो हलवीत नाय तोपर्यंत त्याका कोण 'ऊठ' म्हणना नाय."

"आदी सांगूक काय झाला होता?"

पूर्वा हसता हसता खजुरावर ठसकली. जनार्दनही हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचे खांदे खाली आले.

सूर्य गेला तशी थंडी पडली. शेकोटीभोवती गालिचे, मधे पितळी थाळ, वाळूत पुरून शिजवलेलं मटण, भात, सावनीच्या मुलांसाठी डाळ. गंगुबाईने जनार्दनला मधे बसवलं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पूर्वा. बंदोबस्तच होता. त्याने पहिला घास घेतला. ती बघत राहिली. दुसरा घेतला.

"भाऊ, जरा पाणी आणता?" पलीकडून निशांतचा आवाज आला. माणूस वाईट नव्हता, सवयीने बोलला. जनार्दनही सवयीनेच उठू लागला. गंगुबाईने मागून त्याचा शर्ट धरला.

"सोड गो, फाटतलो."

"फाटू दे." मग ती निशांतकडे वळली. तिथे तिने शाळेतलं मराठी काढलं. "पाणी त्या कोपऱ्यात आहे. हे आज पाहुणे आहेत, तुमच्यासारखेच."

निशांत एकदम ओशाळला. "सॉरी काकू, माझ्या लक्षातच नाही आलं." तो उठला, स्वतः जग घेऊन आला आणि आधी जनार्दनचा ग्लास भरला. जनार्दनने तो ग्लास दोन्ही हातांनी धरला. गंगुबाईला भरून आलं आणि रागही आला. एका ग्लासभर पाण्याचं याला एवढं अप्रूप वाटावं!

एवढ्यात सगळे दिवे गेले. मागे जनरेटरची घरघर एक आचका देऊन थांबली. मुलं आनंदाने ओरडली, कारण आकाशात चांदण्यांचा सडा दिसू लागला होता. शेकोटीचा उजेड होता, थाळ गरम होते, कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते फक्त शिरीषचं. तो टॉर्च घेऊन तरातरा आला आणि झोत सरळ जनार्दनच्या तोंडावर मारला.

"जनार्दन, ऊठ. जनरेटर बघ."

जनार्दन गुडघ्यावर आलाही होता. गंगुबाईचा हात त्याच्या शर्टाकडे गेला आणि मधेच थांबला. तिला एकदम उमगलं. शिरीष म्हणतो ऊठ, मी म्हणते बस. या माणसाला काय हवं ते विचारलंय कुणी? मी तरी कधी विचारलं? तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"जावचा आसात तर जावा," ती म्हणाली. "माझी आडकाठी नाय. पण तुमका काय होया ता आज तुमीच ठरवा."

जनार्दन गुडघ्यावरच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं, अर्ध्या थाळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं गंगुबाईचं सगळं मागणं त्या दोन गुडघ्यांवर येऊन ठेपलं होतं.

मग तो खाली बसला. नीट मांडी घालून बसला.

"सादिक ड्यूटीवर आहे, साहेब," तो म्हणाला. "त्याला करू द्या."

"सादिक नवीन आहे! वेळ लागेल त्याला."

"मी पण नवीन होतो. मलाही लागायचा."

शिरीषचा गोडवा ओसरला. "हे बघ, गेस्ट अंधारात बसलेत. काम करायचं नसेल तर इथून ऊठ आणि मागे जा. स्टाफने गेस्ट एरियात बसायचं नाही, हा नियम आहे. मी दुपारीच सांगितलं होतं."

"त्याचे पाहुण्याचे पैसे मी भरलेत, सर," पूर्वा म्हणाली.

"'त्यांचे' म्हण गो," गंगुबाई म्हणाली. "ह्या साहेबांच्या कानावर तरी पडू दे."

कुणीतरी अंधारात फसकन हसलं, सावनी असावी. शिरीष काही बोलणार तोच शेकोटीपलीकडून महमूद आला. एका हातात किटली, दुसऱ्या हातात फिंजानांची चळत. तो शिरीषच्या टॉर्चच्या झोतातूनच चालत गेला, जनार्दनसमोर वाकला आणि उजव्या हाताने पेला पुढे केला.

"अर्बाब, काहवा."

जनार्दन आजवर ज्या हाताने ओतत आला होता, तोच हात त्याने घेण्यासाठी पुढे केला. पेला भरला. महमूदने दुसरा गंगुबाईला दिला, तिसरा पूर्वाला, पुढचे निशांत-सावनीला. मग शिरीषकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "साब, ये हमारा मेहमान। काहवा चालू है। खलास होगा, तब बात करो।"

महमूदच्या आजोबांच्या वाळूत उभं राहून, महमूदच्या हातचा काहवा पिणाऱ्या माणसाला 'ऊठ' म्हणायची शिरीषची छाती नव्हती. तो टॉर्च विझवून उभा राहिला, पेले रिकामे व्हायची वाट बघत.

गंगुबाईने पेला संपवला आणि न हलवता पुढे धरला. महमूदने भरला. पुन्हा संपवला, पुन्हा धरला. कडूजहर लागत होतं, रात्रभर डोळा लागणार नव्हता, छाती धडधडत होती. तिने शिरीषकडे बघत बघत तोही संपवला. समोर निशांतने आपला पेला पुढे केला, मग सावनीने. न हलवता.

मागे जनरेटर खोकला, एकदा, दोनदा, आणि चालू झाला. दिव्यांच्या माळा लागल्या. सादिक काळे हात पुसत तंबूमागून डोकावला आणि जनार्दनने त्याला बसल्या जागेवरून हात उंचावून शाबासकी दिली.

"आले दिवे," शिरीष म्हणाला. त्याने घसा खाकरला. "मग... झाला का काहवा, जनार्दन... राव?"

जनार्दनचा पेला रिकामा होता. गंगुबाईला त्याचा अंगठा दिसला, पेल्याच्या कडेवर. त्याने सगळ्यांचं ऐकलं होतं आयुष्यभर, आताही ऐकेल, मनगट जरासं फिरवेल आणि उठेल. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, थाळातल्या भाताकडे बघत राहिली.

जनार्दनने हात लांब केला आणि पेला महमूदपुढे धरला.

"अजून जेवतोय, साहेब," तो म्हणाला.

त्याच्या हातातला पेला जरासुद्धा हलला नाही.